गाळलेल्या जागा

माझ्या एका दिवंगत सहकाऱ्यांनी जपून ठेवलेला मजकूर मी दोन मिनिटांत खराब केला आणि तो पूर्ववत करण्याच्या प्रयत्नात माझे तीन महिने गेले. खराबी माझ्याच हातून झाली. तिच्यासाठी मी यंत्राला, भाषेला किंवा अन्य कोणाला दोष देऊ शकत नाही. पण त्या तीन महिन्यांत ‘वाचणे’ या क्रियेविषयी मला जे उमगले, ते साहित्याच्या अध्यापनात घालवलेल्या पंचवीस वर्षांत उमगले नव्हते. म्हणून हे टिपण.

आमचे हे सहकारी गणित शिकवीत. त्यांच्या आई बालाघाटाच्या डोंगररांगेतल्या एका खेड्यातल्या. जात्यावरच्या असंख्य ओव्या त्यांना मुखोद्गत होत्या. त्या ओव्या सहकाऱ्यांनी ध्वनिफितींवर उतरवून घेतल्या होत्या. निवृत्तीनंतर त्यांनी त्यांतल्या शब्दांची सूची करायला घेतली आणि गणिती स्वभावानुसार ती वहीत न करता पायथन या भाषेतल्या आज्ञावल्यांत केली. अशा नऊ फाइली होत्या. प्रत्येक फाइलीत आईच्या तोंडचे शब्द, त्यांचे अर्थ आणि अधूनमधून मराठीतून लिहिलेल्या टिपा. आज्ञावलीत चौकटीच्या खुणेने सुरू होणारी ओळ यंत्र वाचत नाही. ती माणसासाठी असते. या ओळींत ते शब्दाची व्युत्पत्ती, स्वतःची शंका, कधी आईने सांगितलेला एखादा प्रसंग नोंदवून ठेवीत. २०१९ साली ते गेले. त्यांचा संगणक पुढे कोणाला तरी देऊन टाकण्यात आला. त्यापूर्वी त्यांच्या पत्नींनी त्या नऊ फाइली एका पेनड्राइव्हवर घालून माझ्याकडे दिल्या. “तुम्ही मराठीच्या, तुम्हीच याचं काहीतरी करा,” एवढेच त्या म्हणाल्या.

सूची छापण्यायोग्य करावी म्हणून मी बसले. एक अडचण लगेच लक्षात आली. ‘दऱ्या’, ‘वाऱ्यावर’ अशा शब्दांतला तो अर्धा ‘र’ युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो: साध्या ‘र’ला पायमोडचिन्ह देऊन पुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालायचे, किंवा नुक्ता असलेल्या ‘ऱ’ला पायमोडचिन्ह द्यायचे. पडद्यावर आकृती एकच दिसते. संगणकाच्या लेखी मात्र ते दोन वेगळे शब्द असतात आणि सूचीत त्यांच्या दोन वेगळ्या नोंदी होतात. सहकाऱ्यांनी दोन्ही रीती वापरल्या होत्या. नऊही फाइली एकामागून एक उघडायच्या, पहिली रीत दिसेल तिथे दुसरी घालायची आणि फाइल पुन्हा तिथेच जतन करायची, अशी दहा ओळींची आज्ञावली मी लिहिली. तेवढे पायथन मी त्यांच्याकडूनच शिकले होते.

आज्ञावली पहिल्याच फाइलीवर अडली. पडद्यावर तक्रार उमटली, तिचा आशय असा: अमुक क्रमांकाच्या जागी ‘८डी’ हा बाइट आहे आणि तो कोणत्याच अक्षराशी जुळत नाही. मी चक्रावले. हीच फाइल थोड्या वेळापूर्वी मी चालवून पाहिली होती आणि ती निर्वेध चालली होती. चालवली तर चालते, पण वाचायला घेतली तर अडते, हे काय गौडबंगाल? शोधाशोध करताना एक सोपा उपाय हाती लागला. फाइल उघडण्याच्या आज्ञेत ‘चुका’ या शब्दापुढे ‘इग्नोर’ असे लिहायचे, म्हणजे यंत्र न जुळणारे बाइट सोडून पुढे जाते. मी तसे केले. नऊही फाइली क्षणार्धात पार पडल्या. एकही तक्रार आली नाही. मी चहा करायला उठले.

परत येऊन फाइल उघडली तेव्हा जिथे तिथे काळा चौकोन टोकावर उभा केलेला आणि त्याच्या पोटात प्रश्नचिन्ह. ‘झुंजूमुंजू’ हा आईंचा आवडता शब्द होता, कारण दळण त्याच वेळी सुरू होई. तो आता ‘◆◆ंजूम◆ंजू’ असा झाला होता. बहुतेक प्रत्येक जोडाक्षर मोडले होते, प्रत्येक पहिला उकार गळला होता. आणि ज्या अर्ध्या ‘र’साठी हा खटाटोप केला, तो मात्र एकाही ठिकाणी बदललेला नव्हता.

फाइल चालवून पाहिली, तर यंत्राने आता ती समजून घ्यायलाच नकार दिला. फाइलीत ‘ई०’पासून युटीएफ-८ नसलेला मजकूर सुरू होतो आणि कोणते एन्कोडिंग आहे ते कुठेच जाहीर केलेले नाही, असे त्याचे म्हणणे. तेव्हा मी दुसरी चूक केली. पहिल्या ओळीत ‘लॅटिन-१’ असे जाहीर करून टाकले. तक्रार तत्काळ थांबली आणि आज्ञावली चालली. मात्र तिने छापलेल्या सूचीत मराठीचे एक अक्षर नव्हते. डोक्यावर तिरपी रेघ असलेला फ्रेंच ‘ए’, चलनाची खूण, येनची खूण, अशी चिन्हांची जत्रा भरली होती.

शेवटी भाच्याला फोन केला. तो याच व्यवसायात आहे. त्याने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “मावशी, तू ‘इग्नोर’ लिहिलंस, आणि मूळ प्रत न ठेवता?” दुसऱ्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. पोथी हाती घेण्यापूर्वी तिची नक्कल करून ठेवावी, हे मी दरवर्षी विद्यार्थ्यांना सांगत आले होते.

त्याने समजावले ते माझ्या शब्दांत असे. फाइलीत अक्षरे नसतातच. असतात त्या शून्य ते दोनशे पंचावन्न यांमधल्या संख्या, तेच बाइट. कोणती संख्या म्हणजे कोणते अक्षर, हा लिहिणारा आणि वाचणारा यांच्यातला संकेत. हा संकेत फाइलीच्या आत कुठेही नोंदलेला असेलच असे नाही. आपल्या पिढीला याचा अनुभव आहे. युनिकोडपूर्वीच्या काळात महाविद्यालयातली प्रश्नपत्रिका दुसऱ्या संगणकावर नेली की तिथे तो फाँट नसल्याने मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसे. मजकूर तोच असे, संकेत हरवलेला असे. वस्तुतः भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे प्रमाणक १९९१ साली निश्चित झाले होते आणि युनिकोडमधली देवनागरीची मांडणी ‘इस्की’च्या आधीच्या, १९८८च्या आवृत्तीवरूनच घेतलेली आहे. तरीही बहुसंख्य छापखान्यांतून आणि कचेऱ्यांतून फाँटागणिक वेगळा संकेत चालू राहिला.

युनिकोडने देवनागरीला १२८ जागा दिल्या. त्या जागांचे क्रमांक बाइटांत कसे उतरवायचे, याची एक रीत म्हणजे युटीएफ-८. ती केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी सप्टेंबर १९९२मध्ये न्यू जर्सीतल्या एका उपाहारगृहात, ताटाखाली घालायच्या कागदावर मांडली. तिच्यात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे होते. पहिला बाइट नेहमी ‘ई०’. दुसरा ‘ए४’ किंवा ‘ए५’, कारण १२८ जागा चौसष्ट-चौसष्टच्या दोन घरांत विभागल्या जातात. पहिल्या घरात स्वर, व्यंजने, काना आणि पहिली वेलांटी. दुसऱ्या घराची सुरुवात दुसऱ्या वेलांटीपासून. उकार, मात्रा, पायमोडचिन्ह, अंक सगळे तिथे. ऱ्हस्व आणि दीर्घ वेलांटी यांच्यामधून ही भिंत जाते, हे कळल्यावर मला हसू आले. व्याकरणकारांनी ती तिथे कधीच घातली नसती.

सहकाऱ्यांच्या संगणकावर लिनक्स होते. तिथे फाइल म्हटली की ती युटीएफ-८ असे गृहीत धरले जाते, त्यामुळे त्यांना संकेत कुठे लिहून ठेवण्याची गरजच पडली नाही. माझ्या विंडोजवर मी काहीच न सांगितल्याने पायथनने ‘विंडोज-१२५२’ हा पश्चिम युरोपीय भाषांचा संकेत गृहीत धरला. त्यात दर बाइटाला एक अक्षर असते, म्हणून तीन बाइटांचा ‘म’ तीन परकी चिन्हे होऊन आत आला. अर्धा ‘र’ शोधणाऱ्या माझ्या आज्ञावलीला त्या चिन्हांत तो सापडणार तरी कसा? आणि आधी फाइल चालत का होती? कारण पायथनची आज्ञावली म्हणून वाचताना नियम वेगळा आहे. डिसेंबर २००८मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून पायथन आपल्या आज्ञावल्या युटीएफ-८ समजूनच वाचते. वेगळा संकेत असेल तर तो पहिल्या किंवा दुसऱ्या ओळीत जाहीर करायचा, असा २००१ साली मांडलेला, ‘पेप २६३’ या क्रमांकाने ओळखला जाणारा दंडक आहे. म्हणजे फाइल एकच, वाचकही एकच. पण एकदा त्याने तिला आज्ञावली म्हणून वाचले आणि एकदा निव्वळ मजकूर म्हणून, आणि दोन्ही वेळी त्याची गृहीतके निराळी होती. साहित्याच्या माणसाला यात नवल वाटण्याचे खरे तर कारण नव्हते.

आता ‘८डी’. विंडोज-१२५२च्या कोष्टकात पाच जागा रिकाम्या आहेत: ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी. मराठी अक्षराचा तिसरा बाइट यांपैकी एक असला की वाचन अडते. मी कागद घेऊन हिशेब मांडला. पहिल्या घरात या जागांवर येतात चंद्रबिंदू, ‘ऍ’, ‘ए’, ‘ऐ’ आणि ‘झ’. दुसऱ्या घरातली मराठीत लागणारी चिन्हे तीन: पहिला उकार, पायमोडचिन्ह आणि ॐ. मला ‘८डी’ म्हणून जे भेटले, ते पायमोडचिन्ह होते. फाइलीतल्या पहिल्याच जोडाक्षराशी यंत्र थांबले होते. थांबून ते सांगत होते की मी हे चुकीच्या संकेताने वाचतो आहे. ती तक्रार म्हणजे त्या साऱ्या प्रकारातले एकमेव खरे विधान होते आणि मी नेमके तेच गप्प केले.

योग्य उपाय काय होता, तेही भाच्याने सांगितले. तो काही अवघड नाही. आधी प्रत ठेवायची. फाइल अक्षरे म्हणून न उघडता नुसते बाइट म्हणून पाहायची. ‘ई० ए४’ आणि ‘ई० ए५’ अशा जोड्या पुन:पुन्हा दिसल्या की तो युटीएफ-८मधला देवनागरी मजकूर हे ओळखायला वेळ लागत नाही. मग उघडताना आणि जतन करतानाही संकेत स्पष्ट शब्दांत सांगायचा. फाइल पायथनची आज्ञावलीच असेल, तर ‘टोकनाइझ’ या विभागातली ‘ओपन’ ही सोय वापरायची. ती आधी पहिल्या दोन ओळींतली घोषणा पाहते आणि मगच वाचायला लागते. आणि ‘लॅटिन-१’ची घोषणा करून तक्रार मिटवायची नाही. त्या संकेतात २५६च्या २५६ जागा भरलेल्या आहेत. तो कोणत्याही मजकुराला नाही म्हणत नाही, म्हणूनच त्याच्या होकाराला काही किंमत नाही.

पण माझ्यापुढे प्रश्न गेलेल्या अक्षरांचा होता. इथे युटीएफ-८ची रचना माझ्या मदतीला आली. तिच्यात अक्षराचा पहिला बाइट कोणता आणि मागून येणारे कोणते, हे बाइट पाहूनच कळते. त्यामुळे एक बाइट हरवला तरी नुकसान त्या अक्षरापुरतेच राहते, पुढचे अक्षर शाबूत असते. हरवलेल्या अक्षराचे पहिले दोन बाइटही जागेवर होते, झाड तोडल्यावर बुंधा राहावा तसे. बुंधा ‘ए४’चा असेल तर गेलेले अक्षर पाचांपैकी एक. ‘ए५’चा असेल तर पहिला उकार किंवा पायमोडचिन्ह, ॐ आपला लगेच ओळखू येणारा.

‘◆◆ंजूम◆ंजू’ घ्या. पहिला बुंधा ‘ए४’चा, दुसरा ‘ए५’चा, पुढे अनुस्वार. पाय मोडलेल्या अक्षरावर अनुस्वार येत नाही, तेव्हा दुसऱ्या जागी उकारच हवा. उकार लागायला पहिल्या जागी व्यंजन हवे, आणि पाचांत व्यंजन एकच: ‘झ’. शब्द कोणाला माहीत नसता तरीही तो असाच सिद्ध झाला असता. माझ्या गणिती सहकाऱ्यांना ही सिद्धता आवडली असती.

अशी मी एकेक जागा भरत गेले. शाळेतल्या ‘गाळलेल्या जागा भरा’ या प्रश्नात पर्याय कंसात दिलेले असत. इथे ते बुंध्यात होते. बरेचसे काम व्याकरणाने केले, उरलेले संदर्भाने. ‘स◆वर’ म्हणजे ‘स्वर’ की ‘सुवर’, असा पेच एका टिपेत पडला. पण पुढे ‘चढतो’ असे होते आणि विषय गाण्याचा होता, त्यामुळे डुकराची शक्यता सोडून दिली. ओव्यांतल्या शब्दांबद्दल शंका आली की सहकाऱ्यांच्या घरी जाऊन ध्वनिफीत ऐकायची. त्यांच्या पत्नी शेजारी बसून ऐकत. काही शब्द त्यांनीच मला लावून दिले.

हे काम नवे नाही, हे मला हळूहळू लक्षात येऊ लागले. नकलकाराच्या हातून गळलेले अक्षर आजूबाजूच्या पुराव्यावरून भरायचे, हीच तर पाठचिकित्सा. शके १५०६मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती याच गरजेतून. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९मध्ये सुरू झाले आणि १९६६मध्ये पुरे झाले. त्या आवृत्तीत संपादकांना जो पाठ निःसंशय वाटला नाही, त्याच्याखाली नागमोडी रेघ आहे. विद्यार्थिदशेत ती रेघ पाहून मला वाटे की एवढ्या मोठ्या विद्वानांनी संशय उघड का करावा? आता वाटते, त्या साऱ्या पानावरची सर्वांत प्रामाणिक खूण तीच आहे. पोथीच्या शेवटी जुने नकलकार लिहीत की जसे दिसले तसे उतरवले, दोष माझा मानू नये. मला ती सवलत नव्हती. दिसले होते ते अचूक होते. गाळले मी होते.

नऊपैकी आठ फाइली पुऱ्या झाल्या. नवव्या फाइलीच्या अगदी शेवटी, एक ओळ मोकळी सोडून, ही टीप होती:

‘ही यादी आईप◆रती.’

बुंधा ‘ए५’चा. म्हणजे उकार किंवा पायमोडचिन्ह. ‘आईपुरती’ किंवा ‘आईप्रती’.

पहिला पाठ घेतला तर ही कामाची नोंद आहे: या यादीत फक्त आईच्या तोंडचे शब्द आहेत, गावातल्या इतर बायकांचे नाहीत. दुसरा घेतला तर ती अर्पणपत्रिका आहे. व्याकरण दोन्ही मान्य करते. ध्वनिफितीचा इथे उपयोग नाही, कारण हे शब्द आईंचे नव्हेत, त्यांच्या मुलाचे आहेत आणि ते त्याने कोणाला मोठ्याने वाचून दाखवलेले नाहीत. मी त्यांच्या पत्नींना विचारले. त्या बराच वेळ कागदाकडे पाहत राहिल्या. “त्यांनी असं काही लिहिलं असेल असं वाटत नाही,” त्या म्हणाल्या आणि थोड्या वेळाने, “पण लिहिलं असलं तर बरं होईल.”

मी पुरावा मांडून पाहिला. ‘प्रती’ हा शब्द या अर्थाने त्यांच्या उरलेल्या टिपांत कुठेही नाही. असे पुस्तकी शब्द ते बोलण्यातही टाळीत. ‘पुरती’ मात्र आणखी चार ठिकाणी आहे आणि तिथे संदर्भ स्पष्ट आहे. उलट बाजूने सांगण्यासारखे एवढेच, की दुसऱ्या कोणत्याही फाइलीत शेवटच्या टिपेआधी ओळ मोकळी सोडलेली नाही. एका मोकळ्या ओळीवर अर्पणपत्रिका उभी करणे फार झाले. शिवाय मला ‘प्रती’ हवे होते, आणि संपादकाला जो पाठ मनापासून हवासा वाटतो त्याच्याकडे त्याने सर्वांत जास्त संशयाने पाहावे, असे मीच वर्गात शिकवते.

मी ‘पुरती’ भरले. आज्ञावलीत नागमोडी रेघ काढता येत नाही. म्हणून खाली चौकटीची खूण देऊन लिहिले: ‘वरच्या ओळीतला उकार अनुमानाने भरला आहे. तिथे पायमोडचिन्हही असू शकेल. मूळ अक्षर संपादिकेच्या हातून नष्ट झाले.’ आणि नऊही फाइलींच्या पहिल्या ओळीत युटीएफ-८ असे जाहीर केले. पायथनला आता त्या घोषणेची गरज नाही. पुढे कधी या फाइली निराळ्या यंत्रावर, निराळ्या गृहीतकांच्या वाचकाच्या हाती पडतील, त्याला ती उपयोगी पडेल.

छापलेल्या सूचीची पहिली प्रत सहकाऱ्यांच्या पत्नींना नेऊन दिली. त्यांनी शेवटचे पान उघडले, ‘आईपुरती’ वाचले, त्याखालची माझी टीपही वाचली. मग पेन मागून घेतले. मला वाटले, त्या उकार खोडून पाय मोडतील. त्यांनी तसे केले नाही. माझ्या टिपेतल्या ‘असू शकेल’ या शब्दांखाली एक रेघ ओढली आणि पेन परत दिले.